अमेरिकन लोकप्रिय गीते, मुंबईतील

न्यूयॉर्कची संगीत रंगभूमी, हॉलिवुडचे बोलपट आणि गीतप्रकाशनाचा व्यवसाय यांतून सु. १९२० ते १९५० या काळात निर्माण झालेली गीते आणि त्यांची मुंबईची हॉटेले, नृत्यगृहे व चित्रपटसृष्टी यांत रुजलेली वादन-गायनपरंपरा. जेरोम कर्न (१८८५–१९४५), अर्व्हिंग बर्लिन (१८८८–१९८९), कोल पोर्टर (१८९१–१९६४) आणि जॉर्ज गर्श्विन (१८९८–१९३७) हे ह्या गीतांचे प्रमुख रचनाकार होत. ही गीते ज्या देशात जन्मली, तेथे त्यांचे जतन पुढे संस्थांनी व संग्राहकांनी केले. मुंबईत ते काम मुख्यतः वादकांच्या बोटांनी झाले आणि त्या वादकांची नावे श्रोत्यांना क्वचितच ठाऊक झाली.

ह्या गीतांचा पियानोशी असलेला संबंध मूळचा आहे. न्यूयॉर्कच्या अठ्ठाविसाव्या रस्त्यावर एकेकाळी गीतप्रकाशकांच्या कचेऱ्यांची दाटी होती. तेथे दिवसभर चालणाऱ्या पियानोंच्या कलकलाटावरून त्या भागाला ‘टिन पॅन ॲली’ असे नाव पडले. प्रकाशकांचा माल म्हणजे छापील स्वरलिपी. ती खपावी म्हणून पियानोवर बसून गिऱ्हाइकाला नवे गीत वाजवून व गाऊन दाखविणारे पगारी वादक ठेवलेले असत. गर्श्विनने १९१४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, अशीच नोकरी धरली होती. गायक-पियानोवादक हा कलावंतांचा एक स्वतंत्र वर्ग ह्याच व्यवसायातून पुढे आला. फॅट्स वॉलर (१९०४–४३) व नॅट किंग कोल (१९१९–६५) ही त्यातील विख्यात नावे होत.

ह्या गीतांची घडण बहुधा ठरावीक असते. बत्तीस मात्राखंडांचे चार समान भाग; पहिल्या दोहोंत एकच चाल, तिसऱ्यात वेगळी, चौथ्यात पुन्हा पहिली. आपल्याकडील अस्थायी-अंतऱ्याची आठवण व्हावी, अशी ही मांडणी आहे. चालीखाली एकाच वेळी वाजणाऱ्या तीन-चार स्वरांचे गुच्छ, म्हणजे कॉर्ड, ठराविक क्रमाने फिरत राहतात. जाझ वादक चाल सोडून देतो, पण गुच्छांचा तो क्रम सोडीत नाही. ठेका धरून गवयाने विस्तार करावा, तसा तो त्या क्रमावर आपली कल्पना खेळवितो. म्हणूनच ही गीते ज्या नाटकांसाठी रचली गेली, ती नाटके विस्मृतीत गेल्यावरही टिकली. मराठी नाट्यपदाचे भाग्य ह्याहून निराळे नाही. १९११ सालच्या संगीत मानापमानातील गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्या चाली मैफलीत ऐकणाऱ्या अनेकांनी ते नाटक रंगभूमीवर पाहिलेले नसते. मात्र एक मोठा फरक आहे. नाट्यपद गळ्यातून गळ्यात आणि हार्मोनियमच्या साथीने पुढे सरकले. अमेरिकन गीत कागदावरून कागदावर सरकले. मुंबईतील त्याचा इतिहास समजण्यास हा फरक ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

मुंबईत ही गीते तीन वाटांनी आली : छापील स्वरलिपी, ध्वनिमुद्रिका आणि १९२७ नंतरचे अमेरिकन बोलपट. धोबी तलाव परिसरातील फुर्तादो यांच्या दुकानांत (मूळ पेढी १८६५) चर्चसाठी लागणाऱ्या संगीताबरोबरच नव्या नृत्यगीतांचे कागदही मिळत. पियानो शिकणाऱ्या ख्रिस्ती व पारशी घरांत ते पोहोचत. शहरातील नृत्यप्रसंगी वाजविणाऱ्या वाद्यवृंदांत अँग्लो-इंडियन वादक केन मॅक यांचा वाद्यवृंद विशेष मागणीत होता आणि त्याच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या होत्या. तथापि तोवर हे संगीत मुख्यत्वे लंडनमार्गे, थोडे सौम्य होऊन येत असे.

ताजमहाल हॉटेल (स्थापना १९०३) येथे १९३५ च्या हिवाळ्यात अमेरिकन व्हायोलिनवादक लिऑन ॲबी (१९००–७५) याचा कृष्णवर्णीय वादकांचा वाद्यवृंद आला आणि परिस्थिती पालटली. गीते तीच होती, परंतु त्यांतील लय, आघात आणि उत्स्फूर्त विस्तार मुंबईकरांना नवे होते. ॲबीनंतर ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ याने वाद्यवृंदाची धुरा घेतली. मुंबईतील बगदादी यहुदी समाजातील मेना सायलस यांनी रचलेले ‘ताज महाल’ हे नृत्यगीत स्मिथच्या वाद्यवृंदाने १९३६ मध्ये ध्वनिमुद्रित केले. अमेरिकन घडणीचे गीत मुंबईच्या माणसाने रचावे आणि अमेरिकन वादकांनी ते मुंबईतच वाजवावे, ही त्या काळातील लक्षणीय घटना होय.

ह्या वादकांच्या स्थितीत एक विसंगती होती. स्वदेशात वर्णभेदामुळे ज्या हॉटेलांत ते पाहुणे म्हणून पाऊल टाकू शकले नसते, त्यांच्याच तोडीच्या हॉटेलात ते येथे मानाने वाजवीत व राहत. त्याच वेळी शहरातील कित्येक युरोपीय क्लबांची दारे हिंदी माणसाला बंद होती. संस्थानिक, गोरे अधिकारी, पारशी व्यापारी यांच्या नृत्यासाठी वाजणाऱ्या ह्या संगीताकडे राष्ट्रीय चळवळीच्या काळातील सुशिक्षित मराठी समाजाने साहेबी चैन म्हणून पाहिले, यात नवल नाही. पण त्यामुळे हे संगीत मुळात गुलामगिरीत पिचलेल्या लोकांच्या परंपरेवर उभे आहे, ही गोष्ट नजरेआड राहिली.

ह्या काळातील सर्वांत महत्त्वाचा पियानोवादक म्हणजे टेडी वेदरफर्ड (११ ऑक्टोबर १९०३ – २५ एप्रिल १९४५). त्याचा जन्म व्हर्जिनिया राज्यातील पोकाहाँटस येथे झाला. न्यू ऑर्लीन्समध्ये त्याने पियानोचे धडे घेतले व पुढे शिकागोत अर्स्किन टेट याच्या वाद्यवृंदात लुई आर्मस्ट्राँगच्या बरोबरीने वाजविले. टेटच्या १९२६ च्या ध्वनिमुद्रिकांत त्याचे वादन ऐकावयास मिळते. डाव्या हाताची भक्कम उडती लय आणि तिच्यावर उजव्या हाताने चालीची अनपेक्षित मोडतोड हे त्याच्या शैलीचे विशेष होत. शिकागोतील पहिल्या प्रतीच्या पियानोवादकांत त्याची गणना होऊ लागली असतानाच तो १९२६ साली जॅक कार्टरच्या वाद्यवृंदाबरोबर आशियात निघून आला आणि पुढील बहुतेक आयुष्य त्याने शांघाय, मानिला, सिंगापूर, जावा, श्रीलंका व हिंदुस्थान येथेच घालविले. कवी लँग्स्टन ह्यूज याला तो १९३३ मध्ये शांघायला भेटला. ह्यूजच्या १९५६ मधील आत्मकथनात त्या भेटीचे वर्णन आहे. १९३४ मध्ये बक क्लेटनचा वाद्यवृंद शांघायला आणण्यात वेदरफर्डचा पुढाकार होता. १९३७ मध्ये पॅरिस येथे त्याने एकट्याने वाजविलेल्या पियानोच्या काही ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्याचे स्वतंत्र वादन मोकळेपणी ऐकावयाचे, तर त्याच ऐकाव्या लागतात.

ताजमधील वाद्यवृंदात वेदरफर्ड प्रथम पियानोवादक होता, नंतर प्रमुख झाला. अमेरिकन वादक एकेक करून परतू लागले, तेव्हा त्यांच्या जागी त्याने येथलेच वादक घेतले, आणि मुंबईच्या दृष्टीने हेच त्याचे सर्वांत मोठे कार्य ठरले. गोमंतकीय ट्रंपेटवादक फ्रँक फर्नांड, पारशी सॅक्सोफोनवादक कावस खटाव (व्यावसायिक नाव रूडी कॉटन) इत्यादी तरुण त्याच्या हाताखाली तयार झाले. छापील कागद वाचणे त्यांना येतच होते. कागदावर जे लिहिता येत नाही, ते त्यांनी वेदरफर्डच्या शेजारी बसून घेतले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात गेला. तेथे अमेरिकन सैनिकांची गर्दी असे. हिंदी, ब्रह्मी, नेपाळी अशा मिश्र वादकांचा त्याचा वाद्यवृंद तेथे लोकप्रिय झाला व कोलंबिया कंपनीने त्याच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. महायुद्ध संपत आले असता कॉलऱ्याने त्याचा कलकत्त्यातच मृत्यू झाला. त्या वेळी तो अवघा ४१ वर्षांचा होता. अमेरिकन जाझच्या इतिहासग्रंथांत त्याला जेमतेम काही ओळी मिळतात. वीस वर्षे मायदेशाबाहेर राहिलेल्या कलावंताची ही किंमत म्हणावी लागेल.

वेदरफर्डच्या मागे हा वारसा गोमंतकीयांनी चालविला. पोर्तुगीज अमदानीतील गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना प्रार्थनासंगीतासाठी स्वरवाचन व व्हायोलिन शिकवीत. शिकविणारा मेस्त कडक असे. सूर चुकल्यास छडी बसे. गोव्यात ह्या विद्येवर पोट भरणे कठीण, म्हणून वादक मुंबईची वाट धरीत. पनवेलहून कोकणात उतरणारा रस्ता त्या काळी खाड्यांनी जागोजाग तुटलेला असल्यामुळे बहुतेक जण आगबोटीने किंवा लोंढे–कॅसलरॉक रेल्वेने येत आणि धोबी तलाव, गिरगाव भागांतील आपापल्या गावच्या ‘कूड’मध्ये, म्हणजे सामायिक निवासात, उतरत. पेटीवर कपडे आणि कोपऱ्यात व्हायोलिन, एवढाच त्यांचा संसार. दिवसा तालीम, रात्री हॉटेल, रविवारी चर्च असा त्यांचा क्रम असे.

मिकी कोरिया यांच्या वाद्यवृंदाने १९३९ पासून सु. दोन दशके ताजमधील नृत्यसंगीत सांभाळले. आल्दोना येथे जन्मलेले आंतोनियो झेव्हियर वाझ (१९१६–६७) हे ‘चिक चॉकलेट’ ह्या नावाने प्रसिद्धीस आले. ट्रंपेटवादनात व गायनात त्यांनी आर्मस्ट्राँगचा आदर्श इतका आत्मसात केला होता, की मुंबईचा आर्मस्ट्राँग म्हणून त्यांची ओळख झाली. अशा टोपणनावांत हौसेइतकीच व्यवसायाची निकडही होती. रंगमंचावर अमेरिकन माणसाची अपेक्षा धरणाऱ्या गिऱ्हाइकापुढे वाझ किंवा खटाव हे नाव चालणारे नव्हते. वादकाचे खरे नाव पुसण्याची ही सुरुवात होती. चित्रपटसृष्टीने ती पूर्णत्वास नेली.

मुंबई राज्यात ६ एप्रिल १९५० पासून पूर्ण दारूबंदी अंमलात आली. मद्यविक्रीच्या उत्पन्नावर अवलंबून असलेल्या नृत्यगृहांना तिचा मोठा फटका बसला. युरोपीय व अँग्लो-इंडियन श्रोतेही स्वातंत्र्यानंतर देश सोडून जाऊ लागले होते. वादकांना दुसरे काम शोधणे भाग पडले आणि ते काम चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत तयार होते. दारूबंदीमुळे हे संगीत मेले, असे पुष्कळदा म्हटले जाते. वस्तुतः त्याने घर बदलले असे म्हणणे अधिक रास्त होईल.

ह्या स्थलांतरातील मध्यवर्ती मराठी व्यक्ती म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र (रामचंद्र नरहर चितळकर, १९१८–८२). पुणतांबे येथे जन्मलेले चितळकर मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये हार्मोनियमवादक म्हणून राबले होते आणि उत्तम गातही. अमेरिकन गायक-पियानोवादकाचे आपल्याकडील प्रतिरूप शोधावयाचे झाल्यास ते पेटीवर बोटे फिरवीत चाल गाऊन दाखविणाऱ्या ह्या संगीतकारांत सापडते. शहनाई (१९४७) ह्या चित्रपटातील त्यांच्या पाश्चात्त्य ढंगाच्या गीतांनी खळबळ उडाली. समाधि (१९५०) मधील एका गाजलेल्या द्वंद्वगीताची चाल तत्कालीन अमेरिकन बोलपटातील एका लॅटिन वळणाच्या गीताशी उघड साम्य दाखविते. चिक चॉकलेट त्यांचे साहाय्यक होते; अलबेला (१९५१) मध्ये ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. त्या चित्रपटात भगवान यांच्यासाठी चितळकर स्वतःच गायिले. उसनवारीचा आरोप त्यांच्यावर झाला. तो सर्वस्वी निराधार नाही. मात्र त्याच चित्रपटात शुद्ध रागदारीचे अंग असलेली त्यांची गीतेही आहेत, आणि नृत्यगृहाची लय मराठी कानाला परकी न वाटेल अशी घडविणे, हे केवळ उसनवारीने साधणारे काम नव्हे. त्यांनी माझ्या जीवनाची सरगम (१९७७) हे आत्मचरित्र लिहिले आहे.

चित्रपटातील कामाची पद्धत अशी असे : संगीतकार चाल गाऊन दाखवी, स्वरलेखन जाणणारा गोमंतकीय संयोजक ती कागदावर उतरवून तिच्याखाली स्वरगुच्छ मांडी, मधल्या जागा वाद्यांनी भरी आणि प्रत्येक वादकासाठी वेगळा कागद लिही. व्हायोलिनचे तांडे, ट्रंपेटचे आघात, गीत सुरू होण्यापूर्वीचा पियानोचा तुकडा, हे सारे ह्याच कागदांवर ठरे. फाळणीपूर्वी लाहोरला हॉटेलात वाद्यवृंद चालविणारे सेबॅस्टियन डिसूझा (१९०६–९८) शंकर-जयकिशन यांचे दीर्घकाळ संयोजक होते. माजोर्डा येथे जन्मलेले अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी १९५८ मध्ये सेंट झेव्हियर्स महाविद्यालयाच्या आवारात राग व पाश्चात्त्य वाद्यवृंद यांच्या मिलाफाचे कार्यक्रम केले. त्यांत लता मंगेशकर व मन्ना डे यांनी भाग घेतला होता. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मात्र अशा मंडळींचे नाव बहुधा ‘साहाय्यक’ म्हणून येई, किंवा येतच नसे. गोन्साल्विस हे नाव घराघरांत पोहोचले ते अमर अकबर अँथनी (१९७७) मधील एका गीतामुळे. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी वाहिलेली ती गुरुदक्षिणा होती. पण ऐकणाऱ्या कोट्यवधी लोकांना ते एका विनोदी पात्राचे नाव वाटले.

हॉटेलांतील वादन अगदीच थांबले नव्हते. चर्चगेट भागातील उपाहारगृहांत १९६० नंतर पुन्हा वाद्यवृंद वाजू लागले. तेथेच मडगावच्या बोर्डा भागातील ख्रिस पेरी (१९२८–२००२) यांनी लोर्ना कोर्देरो (जन्म १९४६) ह्या गायिकेला घडविले. इंग्रजी गीतांवर पोसलेला तिचा आवाज पेरींनी कोकणी रचनांसाठी वापरला. सत्तरीच्या सुमारास निघालेल्या त्यांच्या कोकणी ध्वनिमुद्रिकांत अमेरिकन घडण आणि गोव्याचे जीवन यांचा असा एकजीव झालेला आहे, की शिवण दिसत नाही. हिंदी चित्रपटगीतात ह्या परंपरेचे अलंकरण आले. कोकणी गीतात तिला पुन्हा स्वतःची भाषा मिळाली. गुणवत्तेने ह्या कोकणी रचना त्या काळच्या बहुतेक हॉटेल-संगीताहून सरस ठरतात. दोघांची फारकत झाल्यावर लोर्ना यांनी गाणे सोडले व सु. दोन तपांनंतर, १९९५ मध्ये, त्या पुन्हा व्यासपीठावर आल्या.

दरम्यान जाणकार श्रोत्यांचा एक लहानसा वर्ग मुंबईत तयार झाला होता. निरंजन झवेरी यांनी १९५० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत ‘ब्लू ऱ्हिदम’ हे जाझविषयक नियतकालिक चालविले. डेव्ह ब्रूबेक १९५८ मध्ये मुंबईत आला असता सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवून गेला. ड्यूक एलिंग्टनचा भारतदौरा १९६३ मध्ये झाला. झवेरींच्या पुढाकाराने १९७८ मध्ये धोबी तलावाजवळील रंगभवनात ‘जाझ यात्रा’ महोत्सव सुरू झाला. ज्या रस्त्यांवर गोमंतकीय वादकांचे कूड होते, त्यांच्याच कुशीत हे खुले नाट्यगृह आहे. महोत्सवात जगातील मोठे वादक आले. पण ते नवे जाझ वाजवीत होते. जुनी गीते, ती हॉटेलांत वाजविणारे वादक आणि त्यांचे कागद हा महोत्सवाचा विषय नव्हता.

जतनाच्या बाबतीत अमेरिकेशी तुलना उद्बोधक ठरते. तेथील गायक-पियानोवादक मायकेल फाइनस्टाइन (जन्म १९५६) हा १९७७ मध्ये, ऐन विशीत, जॉर्ज गर्श्विनचे गीतकार बंधू आयरा गर्श्विन यांच्या घरी ध्वनिमुद्रिका व स्वरलिपी यांची सूची करण्यासाठी राहिला. सहा वर्षे त्याने हे काम केले. अप्रसिद्ध गीते, गाळलेली कडवी, हस्तलिखिते यांचा छडा लावून ती पियानोवर गाऊन दाखविणे, हेच पुढे त्याचे जीवितकार्य झाले व २००७ मध्ये त्याने त्यासाठी एक प्रतिष्ठान स्थापिले. मुंबईत असा सूचीकार वेळीच लाभला नाही. ध्वनिमुद्रण संपले, की संयोजकाच्या हस्तलिखित कागदांचे काम संपे. ते ठेवण्याची जबाबदारी ना निर्मात्याची होती, ना ध्वनिमुद्रिका कंपनीची. दमट हवेत कागदाला वाळवी लागते आणि पियानोच्या तारा गंजतात. स्मिथ व वेदरफर्ड यांच्या ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिका प्रामुख्याने परदेशी संग्राहकांनी सांभाळल्या.

एकविसाव्या शतकात ही उणीव काही अंशी भरून निघाली. ग्रेगरी बूथ यांनी चित्रपटांतील वृद्ध वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ मध्ये त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. बार्द्रॉय बार्रेटो यांच्या नाचोंया कुंपासार (२०१४) ह्या कोकणी चित्रपटात ख्रिस पेरींच्या रचना नव्याने वाजविल्या गेल्या आणि गोमंतकीय वादकांची कहाणी पडद्यावर आली. पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जाझ-युगाचा इतिहास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. मेना सायलस यांच्या १९३६ मधील नृत्यगीतावरूनच त्या ग्रंथाला ताज महाल फॉक्सट्रॉट हे नाव मिळाले.